पाण्याला न भिणारा कॅमेरा आणि सोन्याची शेवटची बारी

मला पोहता येत नाही, म्हणून गेल्या चैत्रात मी पाण्याखाली चालणारा कॅमेरा घेतला. घरातल्या एकाने तरी पाण्यात टिकावं. खोक्यावर ‘आयपीएक्स सात’ छापलेलं. सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, असं दुकानदार म्हणाला. मधल्या एक्सबद्दल त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तेवढ्यात पिंपळवंडीहून साडूंचा, दत्तोबांचा, फोन आला. “पावणं, यात्रेला या. गाड्याला सोन्याची ही शेवटची बारी. भितीवर माझ्या लग्नाचा फोटू हाय, सोन्याचा एकबी न्हाई. लोकांनी काय समजायचं?” सोन्या म्हणजे त्यांचा बैलगाडा शर्यतीतला नावाजलेला बैल. यंदाची बारी, म्हणजे शर्यतीच्या घाटातली आपली पाळी, पळून तो निवृत्त होणार होता आणि फोटोची जबाबदारी माझ्यावर आली.

जाणाऱ्यांनी शिवाजीनगरहून पहाटेची एसटी धरावी. आम्ही उन्हं वर आल्यावर निघालो आणि खेडच्या घाटात पुढच्या ट्रकच्या पाठीवरचा मजकूर तोंडपाठ केला. नारायणगावात मिसळ जरूर खा. फक्त कुठून आलात ते सांगू नका, पुण्याचं नाव काढलं की तर्री फिकी येते.

दत्तोबांच्या अंगणात सोन्याची शिंगं रंगवणं चाललं होतं. मला राहवेना. मी कॅमेरा सरळ बैलाच्या बादलीत सोडला. गर्दी जमली.

“आरं, मेला का त्यो?” शेजारचे तुकानाना वाकून बघू लागले.

मी तो बाहेर काढून नानांचाच फोटो काढला. नाना खूश. “लई भारी. आता पावण्यालाबी बुडवून दावा.”

“नवी वस्तू हाय,” दत्तोबा म्हणाले, “भंडारा लावल्याबिगर घाटात न्यायची न्हाई.” आणि त्या ओल्या कॅमेऱ्यावर हळदीची अख्खी मूठ पडली. इथे ट्रॅक्टर असो वा पाण्याची मोटार, कुणी सुटत नाही. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या सोन्याने तक्रार केली नव्हती, मी कोण?

शर्यतीचा घाट म्हणजे उघडा चढ. सावली नाही, टोपी न्या. तिथल्या उन्हात हळद लिंपणासारखी वाळली. सोन्याची बारी पुकारली, मी बटण दाबलं आणि भिंगावरचं सरकतं झाकण अर्ध्यावर अडकलं.

“पावणं, दाबा की!”

“दाबतोय हो!”

धुरळा उठला, गाडा गेला. त्या गोंधळात कॅमेरा कसाबसा एकदा खटकला.

पुण्यात दुरुस्तीच्या काउंटरवरच्या मुलीने शांतपणे समजावलं: आयपीपुढची पहिली जागा धुळीची, दुसरी पाण्याची. पहिल्या जागी पाच असेल तर थोडी धूळ शिरते पण काम अडत नाही, सहा असेल तर शिरतच नाही. एक्स म्हणजे धुळीबद्दल कुणी काही सांगितलेलंच नाही.

“आणि हळद?”

“सर, ओली की सुकी?”

तेव्हा वाचकहो, घेताना दोन्ही जागा वाचा. सातचा भरवसाही साध्या, संथ पाण्यापुरता असतो, नळाच्या धारेखाली धरू नका. धूळ आणि पाणी कालवून जो लेप होतो, त्याला आकडा मला तरी कुठे सापडला नाही.

फोटोत डावीकडे काळं झाकण, उजवीकडे धुरळा आणि सोन्याचा मागचा अर्धा भाग. मी खजील होऊन प्रत पाठवली. चार दिवसांनी दत्तोबांचा फोन.

“पावणं, भितीवर लावला. बघायला माणसं येत्यात.”

“अहो, पण अर्धाच बैल आलाय.”

“तेच तर सांगतो समद्यांना. सोन्या येवढ्या जोरात व्हता, पुढचा भाग क्यामेऱ्याला गावलाच न्हाई!”