धोंडिबाची रुखसत

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही. पोखर्णीच्या नरसिंहापुढं हात जोडतानासुद्धा नाही — तिथंही शेतापाण्याचं काहीबाही बोलून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही धोंडिबाला ओळखत नाही.

धोंडिबा धनगर आमच्याच गावचा. उन्हाळ्यात त्याच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसायच्या, तेव्हापासूनची दोस्ती. निजामाचं राज्य होतं, शाळेत सगळं उर्दूतून. मी परभणीला राहून शिकलो. त्याला मेंढरांची सोडून दुसरी भाषा येत नाही, असं मी चिडवायचो आणि तो हसायचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कळलं, इराणात आबादानला तेलाच्या कारखान्यात माणसं हवीत. माझं थोरल्या भावाशी बिनसलं होतं. धोंडिबाची मेंढरं रोगानं गेली होती. मी चल म्हणालो, तो आला. कुठं, हेही विचारलं नाही त्यानं.

ते शहर — काय सांगू? कारखान्याच्या चिमण्यांवर सदा जाळ. पाण्याला तेलाचा वास, भाकरीला तेलाचा वास. आमच्या बराकींभोवती तारेचं कुंपण आणि पलीकडं नुसती खारी सपाटी. पळणार तरी कुठं? कराराची मुदत काही केल्या सरायची नाही. शिकलेला मी, पण रडू मलाच यायचं. धोंडिबा संध्याकाळी दारात बसून मेंढरं हाकारतात तसा आवाज काढायचा. बाकीचे हसायचे. मला मात्र तो ऐकला की घास गिळता यायचा. लोकांना वाटायचं, मी त्याला सांभाळतो. सांभाळत होता तोच.

मग नव्या भरतीत जिंतूरकडचा एक माणूस आला. त्यानं निरोप आणला — धोंडिबाच्या आईनं अंथरूण धरलंय, सारखं लेकाचं नाव घेते.

"भाऊ, मुकादमाला बोला की," धोंडिबा म्हणाला. "माय लय वाट पाहायलीय. तिचं तोंड बघून येतो, मंग म्हणाल तेवढं राबतो."

मुकादम पंजाबी. तोंडाचा फाटका, पण मनानं वाईट नव्हता. मी त्याला सगळं नीट सांगितलं — तिथवर मी सरळ होतो, हे खरं. त्यानं धोंडिबाकडं पाहिलं आणि म्हणाला, "रुखसत दी. जुमे को रवानगी."

रुखसत म्हणजे रजा. आमच्याकडच्या कचेरीत रोजचा शब्द. पण धोंडिबा कचेरीत कधी गेला होता? तो माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. आणि मला — कसं सांगू — मला शुक्रवारनंतरची बराक दिसली. त्याची रिकामी खाट दिसली.

"काय म्हणले, भाऊ?"

"मुदत भरल्याबिगर न्हाई म्हणतोय."

मग मुकादमाकडं वळून मी उर्दूत सांगितलं, हा आता राहायचं म्हणतो. मुकादम खूश झाला. त्यानं धोंडिबाची पाठ थोपटली. धोंडिबाला वाटलं, समजूत घालतोय. त्यानं डोळे पुसत त्याला हात जोडले. दोघांच्या मधे मी उभा होतो. खरं सांगायला शुक्रवारपर्यंत वेळ होता माझ्याकडं. शुक्रवारी गावाकडचं जहाज सुटताना भोंगा झाला, तेव्हा आम्ही दोघं कामावर होतो.

मुदत संपवून गावी आलो. त्याची आई कधीच गेली होती. शेवटपर्यंत पडल्या पडल्या तिनं लोकर कातली होती — लेक आला की त्याला घोंगडी करायची म्हणून. धोंडिबानं ते सूत विणायला दिलं. घोंगडी तयार झाली आणि तो ती घेऊन आमच्या ओसरीवर आला.

"तुमी तिथं माह्यासाठी एवढं बोलला, भाऊ. तुमालाच पायजे ही."

मी नको म्हणायला हवं होतं ना? निदान तेवढं तरी? मी दोन्ही हात पुढं केले आणि घेतली.

धोंडिबा अजून आहे. पुन्हा जमवलेली मेंढरं घेऊन आमच्या रानात येतो. थंडी पडली की ओसरीवर टेकतो आणि विचारतो, "घोंगडीची ऊब हाय ना, भाऊ?"

मी हाय म्हणतो.