धुरपदाबाईचं धाबं

धुरपदाबाईला अस्वच्छ घर खपत नसे, आणि याच गुणापायी ती एकदा चांगलीच गोत्यात आली.

गोष्ट त्रेपन्न सालची. बाई मूळची यावलकडची. नवरा गेल्यावर दिराच्या ओसरीवर तुकडे मोडत बसायचं नाही, म्हणून ती जळगावला आली, जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापूस निवडायच्या कामाला लागली आणि तिथेच मेहरूणला पितांबरशेठच्या चाळीत खोली घेऊन राहिली. चाळ म्हणजे मातीच्या भिंती आणि वर छत म्हणून मातीचंच धाबं. धाब्यावर दरवर्षी पावसाआधी खारी माती पसरावी लागते, नाहीतर पाणी थेट चुलीत. हे काम मालकाचं. पितांबरशेठने दोन वर्षं टोपलंभर खारी टाकली नव्हती. भाडं मात्र दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, वाढवायला तो कधी विसरला नाही.

त्या आखाजीला भाडेकरू अडून बसले. शेजारचा नूर महंमद पिंजारी गादीला टाके घालता घालता दुनियेची खबर ठेवायचा. त्याने सांगितलं, आता कायदा झालाय, शेठच्या मनाला येईल तसं भाडं चालत नाही. घरात काही सुधारणा केली असेल आणि ती कोर्टाला पटली, तरच वाढ. शेठ कसला ऐकतो! प्रकरण कोर्टात गेलं, तर तिथे त्याने बेधडक सांगितलं, की मी सगळ्या खोल्या दुरुस्त केल्यात. तेव्हा कोर्टाने एका वकिलाला कमिशनर नेमून घर पाहून यायला सांगितलं.

सगळ्यात जास्त गळायची ती धुरपदाबाईची खोली, म्हणून तीच दाखवायची ठरली. वाढ मंजूर झाली तर बाईला यावलची वाट धरावी लागणार होती. म्हणजे पुन्हा दिराची ती ओसरी.

आणि तरीही बाईने काय करावं? कोर्टाचा का होईना, पण घरी माणूस येणार! आदल्या दिवशी तिने जमीन सारवली, भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या, छताच्या भोकांत ओल्या मातीचे गोळे आतून दाबून बसवले. दारात रांगोळी काढली. खोली अशी दिसू लागली, की नवरीने पाऊल टाकावं.

कमिशनर आले, मागे शेठ. कमिशनरांनी चौफेर पाहिलं आणि म्हणाले, "घर तर छान आहे."

बाई सुखावली. पदर सावरून हसलीसुद्धा. मग तिचं लक्ष दारातल्या नूर महंमदकडे गेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, हे काय करून बसली तू?" तो पुटपुटला.

"पाहा साहेब," शेठ पुढे सरसावला, "भिंती, जमीन, छत. सगळं मीच करून दिलंय."

आपल्याच हाताने आपण आपला गळा कापला, हे बाईला आत्ता कळलं.

"खोटं!" ती ओरडली. "साहेब, माह्या हातानं केलं मी सारं! यानं खारीचं एक टोपलं तरी टाकलं का, इचारा त्याले!"

"बाई, मला दिसतं ते लिहावं लागतं," कमिशनर म्हणाले आणि भिंतीपाशी टेकून लिहू लागले.

बाईने पाण्याचा भरला हंडा उचलला, शिडी लावली आणि धाब्यावर चढली. शेठ "अरे, अरे" करेपर्यंत तिने हंडा ओतला. खाली सगळे माना वर करून उभे. थेंब पडेना. आदल्या दिवशीचं लिंपण तिने फारच मन लावून केलं होतं.

शेठ खदखदा हसला. "बघा साहेब, कसं पक्कं काम आहे!"

बाई वरून वाकली. "नूरभाऊ, दुसरा हंडा दे!" तिने हाक मारली. उन्हाळ्यातलं पाणी ते, घरातलं शेवटचं. नूर महंमदने धावत जाऊन हंडा वर चढवला. बाईने डोळे मिटले आणि तोही ओतला.

आधी एक थेंब पडला. मग मातीचा गोळा सुटून थेट कमिशनरांच्या कागदावर आदळला, आणि मागोमाग गढूळ धार लागली. सारवलेली जमीन चिखल झाली, पांढऱ्या भिंतीवरून लाल ओघळ उतरले. शेठच्या तोंडचं हसू पळालं.

कमिशनरांनी टोपी झटकली. "खाली या बाई," ते म्हणाले, "आता हे लिहितो."

महिन्याभराने निकाल लागला. वाढ नामंजूर झाली आणि पावसाआधी धाब्यावर खारीही पडली. चाळीत गूळ वाटला गेला. पण त्या दिवशी, कमिशनर गेल्यावर, धुरपदाबाई चिखलात बसून भिंतीकडे पाहत हमसाहमशी रडत होती. नूर महंमद समजूत घालत म्हणाला, "अक्का, रडते कशाले? घर वाचलं ना!"

तिने नाक पुसलं. "वाचलं रे भाऊ," ती म्हणाली, "पन साहेब आला तवा तर साजरं दिसलं ना त्याले?"