कार्डावरचं कुंकू

कार्डकाका कुठलीही वस्तू दाखवताना आधी तिचा दोष सांगत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दारातच म्हणाले, "तिसरी पायरी हलते, आमटी खारट झाली आहे आणि काकूंचा आवाज मोठा आहे. बाकी घर उत्तम. ये." आतून काकूंनी आवाजाची खात्री पटवत विचारलं, "अहो, कोण आलंय?"

दोन हजार पाचच्या सुमारास मी जर्मनीत रेगेन्सबर्गला पीएच.डी. करत होतो. काका तिथल्या मोटार कारखान्यात इंजिनीयर, पण राहायचे तासाभरावरच्या खेड्यात. गावाला एक चर्च, एक बेकरी, एक पोस्ट आणि दिवसातून दोन बस. अशा ठिकाणी हा पुणेकर गृहस्थ अमेरिकन बेसबॉलची कार्डं जमवत होता. त्या भागातल्या लष्करी तळांवरचे अमेरिकन सैनिक मायदेशी परतताना खोकीच्या खोकी टाकून जात. ती फ्लोमार्क्टात, म्हणजे जुन्या बाजारात येत. काकांनी बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. तरी कार्डांच्या पाठीवरचे आकडे वाचून ते असे बोलत, जणू सगळे खेळाडू कोथरूडला त्यांच्याच सोसायटीत राहतात. "याचा खांदा त्या वर्षी दुखावला बघ. घरचं कुणी म्हणालं असेल, नको जाऊस आज."

दुकानं लांब, म्हणून इतर संग्राहकांशी अदलाबदल पत्रांनी चाले. पत्राची पहिली ओळ ठरलेली: वरचा डावा कोपरा दुमडलेला आहे, किंवा मागे चहाचा ठिपका आहे. मी हसलो की म्हणत, "दोष आधी सांगावा. मग कौतुक करायला आपण मोकळे."

एका जुन्या संचात एकच कार्ड कमी होतं. आठ वर्षं काका अल्बममधला तो रिकामा खण दर रविवारी मऊ फडक्याने पुसत. अर्ध्या अमेरिकेला पत्रं लिहून झाली. आणि कार्ड निघालं कुठे, तर त्याच गावात, त्या सगळ्या पत्रांवर शिक्के मारणाऱ्या म्हाताऱ्या पोस्टमास्तरांकडे! त्यांची अट एकच. बदल्यात काकांचं सर्वांत निर्दोष कार्ड हवं, एका गोलंदाजाचं. ते नवंकोरं असल्याची पोस्टमास्तरांनी दोनदा खात्री करून घेतली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भेटायचं ठरलं.

दसऱ्याला काकांनी कारखान्यातला व्हर्नियर कॅलिपर पूजेला मांडला. शेजारी अल्बम, आणि वर ते कार्ड, पाकिटातून काढून. मग ते आंघोळीला गेले. काकूंनी मनोभावे पूजा केली आणि गोलंदाजाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत मी सुचवलं, "काका, पाकिटावर नेमकं तिथेच लेबल चिकटवू. म्हाताऱ्याला चष्म्यातूनही दिसणार नाही." काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे पाचशे मीटर हवामानावर बोललो.

पोस्टमास्तरांनी भिंग उचलायच्या आत काकांनी डागावर बोट ठेवलं. "आधी हे बघा." म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिलं. "शाडे," म्हणाले. वाईट वाटतं. आणि आपलं कार्ड टेबलाच्या खणात परत ठेवलं.

घराजवळ आल्यावर काका थांबले. "म्हातारा घरी नव्हता. कळलं? तिच्यासमोर कुंकवाचं नाव काढायचं नाही." आयुष्यभर दोष आधी सांगणाऱ्या माणसाने एवढा एकच लपवला, तोही मला खोटं बोलायला लावून. आत काकूंनी विचारलं आणि मी चेहरा पाडून सांगितलं, "घरी नव्हते हो." रिकामा खण काकांनी त्या रविवारीही पुसला.

तीन वर्षांनी ते पुण्याला परतायला निघाले. आवराआवर करताना काकांनी ते कार्ड माझ्या हातात ठेवलं. ते खोकी बांधायला खाली गेले तशा काकू, मी पूर्वी कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात, म्हणाल्या, "पोस्टमास्तरांची बायको मला दुसऱ्याच दिवशी बेकरीत भेटली होती. ह्यांना सांगू नकोस हं. मला कळलंय म्हटल्यावर फार वाईट वाटेल त्यांना."

मी दोघांचीही गुपितं सांभाळली. आता दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे. ते कार्ड माझ्या कपाटात आहे. कुणाला दाखवायला काढलं, की मी आधी त्या कुंकवावर बोट ठेवतो.