उंबऱ्याचा टाइम

"हवेतला टाइम सांगू, की उंबऱ्याचा?"

कोथरूडमधल्या आमच्या तिकीटवाल्यांच्या दुकानात कुणी नागपूरच्या विमानाची चौकशी केली, की मान वर न करता ते हा प्रश्न टाकायचे. नवखं गिऱ्हाईक गोंधळायचं. माझी लेक नागपूरला दिलेली, त्यामुळे मी मुरलेली. शाळेतून निवृत्त झाले तरी ते मला बाईच म्हणायचे.

एकदा एक गृहस्थ ऐटीत म्हणाले, "सव्वा तासात नागपूर! म्हणजे नाश्ता इथे, जेवण तिथे."

तिकीटवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "का हो, विमान तुमच्या गच्चीवरून सुटतं?"

मग तिकिटाच्या पाठीवर लाल पेन्सिल चालायला लागली. "घर ते लोहगाव विमानतळ दीड तास. तिथं ताटकळायचं दीड. हवेत सव्वा. पलीकडे बॅग आणि रिक्षा, एक. झाले सव्वापाच." खाली दोन रेघा. "हा उंबऱ्याचा टाइम. घरच्यांना हाच सांगायचा. वाट बघणारं माणूस घड्याळाकडे बघत बसतं."

तसे ते मूळचे नागपूरचेच. पुणेरी तिरकसपणा त्यांनी आमच्याहून झकास उचलला होता. फक्त मध्येच एखादं "करून राहिलो" निसटायचं. गंमत म्हणजे जगाला विमानात बसवणारा हा माणूस स्वतः कधी उडाला नव्हता. दर दिवाळीला आईकडे जायचे ते रेल्वेनेच. "नकाशावर वीतभर अंतर आहे, बाई. वीतभरासाठी कशाला उडायचं?" मला वाटतं, ते घाबरत होते. तसं मी म्हटलंही होतं, त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग एके दिवशी दुकानाला कुलूप दिसलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, त्यांची आई गेली. दोन आठवड्यांनी दुकान उघडल्यावर मी भेटायला गेले. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि बराच वेळ लाल पेन्सिल हातात फिरवत बसले.

"बहिणीचा फोन आला, बाई. आई अत्यवस्थ आहे, तुझंच नाव घेते म्हणाली. पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढलं. आईच्या कानाला फोन लावायला सांगितला आणि बोलून गेलो, आई, सव्वा तासाचं विमान आहे, आलोच."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मी पोचलो तेव्हा दार सताड उघडं. आईला जाऊन अर्धा तास झाला होता. बहीण म्हणे, सव्वा तास झाल्यावर आईनंच सांगितलं, आला असन तो, दार उघडून ठेव. मग दाराकडेच बघत राहिली." त्यांनी चष्मा काढला. "सगळ्यांना उंबऱ्याचा टाइम सांगितला. तिला तेवढा हवेतला."

मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. न विचारताच तिकिटामागे सव्वापाच लिहून द्यायचे. पुढे दुकान आवरून ते बहिणीकडे नागपूरला गेले. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात.

परवा मी नागपूरला निघाले. चपला घालतानाच लेकीचा फोन. "आई, सव्वा तासात येशील ना गं?"

म्हटलं, "सव्वापाच तास. आत्तापासून दार उघडून बसू नकोस."