तेवढं हो म्हणा

पेनाचं टोपण दातात धरून त्या बाई समोर यायच्या आणि म्हणायच्या, "दोनच मिनिटं, सर." टोपणामुळे शब्द थोडे चावलेले यायचे. घाटंजीच्या बसस्टँडवर बाजाराच्या दिवशी तुम्ही उतरला असाल, तर तुम्हीही त्यांना चुकवलं असेल. कुठल्याशा संस्थेसाठी त्या घरोघरच्या पाण्याचा सर्व्हे करायच्या.

मी तिथल्या शाळेत मास्तर, राहायला यवतमाळला. चुकवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. कधी रसवंतीच्या मागून जायचो, कधी फोन कानाला लावून कोणाशीच बोलायचो नाही, पण मान मात्र जोरजोरात हलवायचो. एकदा तो कानाला लावलेला फोनच खणखणला. बाई हसल्या नाहीत. "घ्या सर, आता खरा आला," एवढंच म्हणाल्या आणि माझं बोलणं होईपर्यंत थांबल्या. मग लाजेखातर मी फॉर्म भरायला बसलो.

दोन मिनिटं कसली, चांगली वीस लागली. नळ कितव्या दिवशी येतो, साठवता कशात, आणायला कोण जातं. अंदाजे लिहून टाका, असं मी दोनदा सुचवलं. त्यांच्यासोबतचे दोघं चहाच्या टपरीवर बसून तसेच गठ्ठे भरत होते, ते मला दिसत होतं.

"लोकायच्या घरचं पानी मी मनानं कसं लिवू?" त्या म्हणाल्या.

शेवटी माझा नंबर घेतला. "ऑफिसातून फोन येईन, सर. बाईनं इचारलं का म्हनून पुसतीन. तेवढं हो म्हना."

फोन आला तेव्हा मी एसटीची वाट पाहत उभा होतो. तुम्ही फॉर्म भरला होता का, असं पलीकडून कोणी विचारलं. कर्जवाले असतील असं समजून मी तडकलो. मी कसलाही फॉर्म भरलेला नाही, पुन्हा फोन करू नका. ठेवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. परत लावावा म्हटलं, तेवढ्यात गाडी लागली, खिडकीची जागा मिळाली आणि ते राहून गेलं.

पंधराएक दिवसांनी बाई दिसल्या. सवयीने माझा हात खिशातल्या फोनकडे गेला.

"आज फॉर्म नाही, सर." हात रिकामे होते. पडताळणीत त्यांचा एक फॉर्म खोटा निघाला होता. एक खोटा म्हणून बाकीचेही बाद झाले आणि त्यांना कामावरून काढलं होतं. "तुमाले फोन आलता का?"

मी म्हणालो, "नाही बुवा."

शाळेत पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं करणारा माणूस मी. ते इतकं सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच नवल वाटलं.

बाई म्हणाल्या, "मंग नंबर लिवतानी माहीच चूक झाली असन. मी तुमच्यावर शक घेत होती, सर. माफ करजा."

एवढं बोलून त्या बाजाराच्या गर्दीत शिरल्या. पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

यवतमाळात ते ऑफिस शोधून मी एकदा दारापर्यंत गेलो होतो. कोणत्या बाई, नाव काय, असं विचारतील, आणि मी तर नावही विचारलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घालून बाहेरूनच परतलो. नावाची काही गरज नव्हती. माझा नंबर सांगितला असता, तरी पुरलं असतं.