आई सापडते तिथून

आमचं घर काशीत ब्रह्मा घाटाजवळ, आणि वडील भिक्षुकी करणारे. महाराष्ट्रातून अस्थी घेऊन येणारे यजमान आमच्याकडेच उतरत. मोठी माणसं घाटावर विधीला गेली की त्यांची पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत राहत, आणि ती रमवायचं काम माझ्या गळ्यात पडे. मी बारा-तेरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

नव्वदीच्या मध्यावर घरात व्हीसीआर आला आणि माझे कष्ट वाचले. हिंदीत डब केलेल्या एका इंग्रजी सिनेमाची कॅसेट होती. विमान पडतं, बहीण-भाऊ बर्फाळ जंगलात एकटे उरतात, मागे अस्वल लागतं, ओल्या लाकडांचीसुद्धा शेकोटी पेटते आणि शेवटी आई शोधत येते. मला तो सिनेमा एक नंबरचा थापाड्या वाटे. पण पोरं हूं की चूं न करता बघत, मग तक्रार कशाला करा?

त्या हिवाळ्यात साताऱ्याकडचे एक गृहस्थ बायकोच्या अस्थी घेऊन आले. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी. घाटावर निघताना त्यांनी वडिलांना बाजूला घेतलं.

"तिला ठाऊक नाही. आई काशीला गेलीय, एवढंच सांगितलंय."

इथं आणल्यावर काय सांगायचं, याचा विचार त्या भल्या माणसानं केलाच नव्हता. वडील मला म्हणाले, "बच्चीला संभाळ. काही बोलू नकोस."

मी सवयीनं कॅसेट लावली. शेवट जवळ आला तेव्हा कुठे मला आठवलं, यात आई येते. बंद करायला उठले, तोवर पडद्यावरची आई धावत आली आणि मुलं तिच्या गळ्यात पडली.

"ताई, परत लाव ना," मुलगी म्हणाली. "आई सापडते तिथून."

लावलं. मग आणखी एकदा लावलं.

स्वयंपाकघरातून माझी आई हे ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि तिनं टीव्ही बंद केला. यजमानाचा शब्द मोडायची आमच्या घरात रीत नव्हती. तरी ती मुलीसमोर बसली आणि म्हणाली, "बाळा, तुझी आई आता येणार नाही. ती वारली. बाबा तिच्याच अस्थी गंगेत सोडायला गेलेत."

मुलगी रडली नाही.

"माहितेय मला. शेजारच्या काकू बोलत होत्या." मग तिनं माझ्या आईचा पदर धरला. "पण बाबांना सांगू नका हं. आईचं विचारलं की ते मोरीत जाऊन रडतात. म्हणून मी विचारतच नाही आता."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता, तो आता धरवेना.

दुपारी ते ओल्या धोतरानं परतले. दारातच उसनं हसू आणून त्यांनी विचारलं, "काय गं, कंटाळलीस?"

"नाही. सिनेमा बघितला. त्यात दोन मुलं जंगलात हरवतात."

"मग?"

आईनं माझा हात घट्ट धरला.

"मग त्यांचे बाबा येतात," मुलगी म्हणाली, आणि तिनं वडिलांचं बोट धरलं.