काकांची कुजबुज

गोरेगावात आमच्या शेजारी कापडगिरणीतून रिटायर झालेले काका राहायचे. अख्खा जन्म मागांच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा गल्लीभर ऐकू जायची. "आगं, तू आज लई छान दिसून राहिली!" असं ते काकूंच्या कानात सांगायचे आणि समोरची किराणावाली तागडी सोडून हसत सुटायची.

"हळू बोला, गल्ली ऐकून राहिली," काकू लाजून म्हणायच्या.

लेकीच्या लग्नात तर "रडू नको, मलाबी रडू येऊन राहिलं" हे त्यांचं गुपित ऐकून बँडवालेही वाजवायचे थांबले.

काका गेले आणि गल्ली मुकी झाली. परवा लेकीनं आणलेली साडी नेसून काकू दारात आल्या अन् उगाच थांबल्या. किराणावाली समोरून ओरडली, "काकू, लई छान दिसून राहिल्या!"

काकूंनी पदर तोंडाला लावला. "हळू बोल गं," त्या म्हणाल्या, "गल्ली ऐकून राहिली."